वृंदगान-सिंफनी

वृंदगान-सिंफनी : पाश्चात्य संगीतातील एक विशाल रचनाप्रकार. सिंफनी ही मूलतः केवळ वाद्यवृंदासाठी रचलेली, सामान्यतः चार खंडांची संगीतकृती होय. तिच्या एका किंवा अधिक खंडांत वाद्यवृंदाच्या जोडीला गायनवृंद आणि बहुधा एकलगायकही योजिलेले असल्यास तिला वृंदगान-सिंफनी म्हणतात. इंग्रजी संगीतव्यवहारात ‘कोरल सिंफनी’ ही संज्ञा रूढ असून ती विशेषनामाप्रमाणे वापरली, तर तिने लूडविग व्हान बेथोव्हन (१७७०–१८२७) याची नववी सिंफनी अभिप्रेत असते. या रचनाप्रकाराचा इतिहास जितका संगीतकारांचा, तितकाच हौशी गायक-वादकांच्या संघटनांचा आहे. शे-दोनशे गायकांचा पगारी वृंद कायम बाळगणे जगातील फारच थोड्या संस्थांना परवडते. त्यामुळे दिवसा शाळेत, कचेरीत, दवाखान्यात वा गिरणीत काम करणारी आणि आठवड्यातून एक-दोनदा सायंकाळी तालमीसाठी जमणारी माणसे हाच या कृतींचा खरा आधार राहिला आहे. अशा नागरी वृंदांनी मोठी कृती उभी करण्याची ही परंपरा कशी घडली, तिला कोणत्या गोष्टी लागतात आणि मुंबई-गोव्याकडे त्यांपैकी काय उपलब्ध होते, हे येथे मुख्यत्वे पाहावयाचे आहे.

समूहाने गाणे महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील जांबे, मारुंजी, नेरे या बाजूने देहू फार दूर नाही. या सर्व टापूत भजनी मंडळे, काकडा, हरिपाठ आणि हरिनाम सप्ताह हा गावगाड्याचा नित्य भाग आहे. आषाढी वारीच्या दिंडीत शेकडो टाळकरी मृदंगाच्या ठेक्यावर एका वेळी अभंग म्हणतात. तथापि ते सर्व जण एकच चाल गातात. मुख्य गायक चरण उचलतो, बाकीचे तो झेलतात. वाटेत येऊन मिळालेला मनुष्यही दुसऱ्या आवर्तनाला सुरात सूर मिळवू शकतो. चाल कानाने येते, कागदाची गरज पडत नाही. वृंदगान-सिंफनीत याच्या उलट स्थिती असते. तेथे गायनवृंदाचे किमान चार विभाग पडतात : उंच स्त्रीस्वराचा सोप्रानो, खालच्या स्त्रीस्वराचा आल्टो, उंच पुरुषस्वराचा टेनर व खर्जातील बास. प्रत्येक विभागाची स्वरावली वेगळी असते आणि त्या एकाच क्षणी परस्परांवर बसून स्वरसंहती निर्माण करतात. शेजारचा विभाग काय गातो, ते ऐकून त्याच्यामागे जाणे हा येथे दोष ठरतो. म्हणून स्वरलेखन वाचता येणे किंवा निदान आपली ओळ स्वतंत्रपणे पक्की पाठ असणे ही पहिली अट होते. हा दोन परंपरांतील श्रेष्ठ-कनिष्ठपणाचा प्रश्न नसून रचनेचा आहे, आणि पुढील सर्व अडचणी याच भेदातून उद्भवतात.

बेथोव्हनपूर्व काळात गायनवृंदाचे स्थान चर्चमध्ये, ऑपेरात व ऑरेटोरिओ या धार्मिक आख्यानगीतात होते. सिंफनी शब्दरहित राहिली होती. मोठ्या गायनवृंदांची नागरी संघटना मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. बर्लिनमध्ये कार्ल फ्रीड्रिख फाश याने १७९१ मध्ये ‘झिंगअकाडेमी’ स्थापन केली. तीत स्त्रिया व पुरुष चर्चच्या बाहेर, केवळ गाण्यासाठी एकत्र येत. याच संस्थेच्या साह्याने फेलिक्स मेंडेल्सझोन (१८०९–४७) याने ११ मार्च १८२९ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, बाखच्या विस्मृतीत गेलेल्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चे पुनरुज्जीवन केले. व्हिएन्नात १८१२ मध्ये संगीतप्रेमी नागरिकांची संस्था निघाली. या संस्थेतील हौशी मंडळी नसती, तर नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग ज्या प्रमाणावर झाला त्या प्रमाणावर होऊ शकला नसता.

फ्रीड्रिख शिलर (१७५९–१८०५) याने १७८५ मध्ये लिहिलेल्या आनंदस्तोत्राला संगीत देण्याचा विचार बेथोव्हनच्या मनात तरुणपणापासून होता. नवव्या सिंफनीच्या अखेरच्या खंडात त्याने त्यातील निवडक कडवी घेतली आणि त्यांच्या प्रवेशासाठी काही ओळी स्वतः लिहिल्या. फेब्रुवारी १८२४ मध्ये व्हिएन्नातील चाहत्यांनी त्याला लेखी विनंती केली, की नव्या कृती याच नगरीत सादर व्हाव्यात. त्यानुसार ७ मे १८२४ रोजी केर्न्टनरटोर नाट्यगृहात कार्यक्रम झाला. नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व गायनवृंदात हौशी मंडळींची भर घालण्यात आली. फुंकवाद्ये दुप्पट करण्यात आली. पूर्ण तालमी केवळ दोन झाल्या. सोप्रानो हेन्रिएटे झोनटाग अठरा वर्षांची व आल्टो कारोलिने उंगर वीस वर्षांची होती. उंच स्वर झेपत नाहीत, ही गायिकांची तक्रार बेथोव्हनने मानली नाही, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. संचालन मिखाएल उमलाउफ याने केले. पूर्णतः बहिरा झालेला बेथोव्हन शेजारी उभा राहून लय दाखवीत होता, पण वादकांनी पाहावयाचे ते उमलाउफकडे, असे आधीच ठरलेले होते. श्रोत्यांकडे पाठ असलेल्या बेथोव्हनला उंगरने वळवून टाळ्या वाजविणारे हात दाखविले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. तो नेमका कोणत्या खंडानंतर घडला, याविषयी साक्षीदारांत एकमत नाही. दाद उदंड मिळाली, पैसा मात्र अल्प सुटला. २३ मे रोजीच्या दुसऱ्या प्रयोगाला सभागृह भरलेही नाही.

ही कृती हौशी वृंदांची का झाली, याचे उत्तर तिच्या घडणीत सापडते. अखेरच्या खंडातील मुख्य धून षड्ज ते पंचम एवढ्याच स्वरांत, शेजारशेजारच्या स्वरांवरून फिरते. एकदाच ती खाली मंद्र पंचमाला स्पर्श करते. कोणाही मुलाला ती एका बैठकीत येईल. बेथोव्हनने ती प्रथम चेलो व डबल बास यांच्याकडून, कोणत्याही साथीविना, अगदी हळू वाजवून घेतली आहे. नंतर ती व्हायोलाकडे, व्हायोलिनकडे व शेवटी साऱ्या वाद्यवृंदाकडे जाते आणि त्यानंतरच मनुष्याचा आवाज ऐकू येतो. आपणही हे गाऊ शकू, असे श्रोत्याला वाटावे अशीच ही योजना आहे. मात्र गायनवृंदात प्रत्यक्ष उभे राहणाऱ्याचा हा भ्रम लवकरच फिटतो. पुढे येणाऱ्या दुहेरी फ्यूगमध्ये, म्हणजे दोन धुना एकामागून एक निरनिराळ्या विभागांनी उचलून परस्परांत विणल्या जातात त्या भागात, सोप्रानो विभागाला अतिशय उंच स्वर दीर्घकाळ धरून ठेवावा लागतो. पेटीवर मध्य सप्तकातील पांढरी एक षड्ज मानल्यास हा तार सप्तकातील धैवत ठरेल. एका व्यक्तीच्या दमसासात हे बसत नाही. शेजारच्या गायिका ठरवून वेगवेगळ्या क्षणी श्वास घेतात आणि श्रोत्याला अखंड स्वर ऐकू येतो. एकट्याला अशक्य आणि समूहाला शक्य अशी ही गोष्ट आहे. इटालियन संगीतकार व्हेर्दी (१८१३–१९०१) याने पहिले तीन खंड थोर मानले, पण चौथ्यातील गायनलेखनाला नावे ठेवली. गळ्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

आणखी एक अडचण कागदावर दिसत नाही. पहिले तीन खंड सुमारे पाऊण तास चालतात. तेवढा वेळ गायनवृंद व्यासपीठावर निमूट बसून असतो, किंवा तिसऱ्या खंडापूर्वी त्याला आत आणले जाते. तेव्हा श्रोत्यांचे ध्यान मोडते. गळा थंड झालेला असतानाच एकदम उंच सप्तकात प्रवेश करावयाचा असतो. वादकांनाही अशी प्रतीक्षा घडते : ट्राँबोन पहिल्या खंडात मुळीच वाजत नाहीत, तर पिकोलो, मोठा ढोल, झांजा व त्रिकोणी घंटा यांना शेवटच्या खंडापर्यंत काम नसते. वृंद वाद्यवृंदाच्या मागे उंच पायऱ्यांवर उभा राहत असल्याने अंतराचा प्रश्नही येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मी. जातो, सतरा मीटरांवरील व्हायोलिनचा स्वर मागच्या रांगेपर्यंत सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोहोचतो. तो ऐकून गाऊ लागल्यास गायन मागे पडते. यासाठी मागच्या रांगेने कानावर नव्हे, तर संचालकाच्या छडीवर विसंबावे लागते, आणि कानाने गाण्याची सवय असलेल्या हौशी गायकाला हीच गोष्ट सर्वांत कठीण वाटते.

तालमींची रीत देशोदेशी बहुतांशी सारखी आहे. गायनवृंद काही महिने आठवड्यातून एकदा पियानोच्या साथीवर बसतो. प्रथम स्त्रिया व पुरुष वेगळे, पुढे चारही विभाग एकत्र. दुसरीकडे वाद्यवृंदात तंतुवाद्ये, लाकडी फुंकवाद्ये व पितळी वाद्ये यांच्या स्वतंत्र तालमी चालतात. दोहोंची गाठ बहुधा शेवटच्या दोन-तीन बैठकींतच पडते, कारण मोठे सभागृह अधिक दिवस भाड्याने घेणे परवडत नाही. पियानोच्या सौम्य साथीची सवय झालेल्या गायकांना पहिल्या संयुक्त तालमीत ट्राँबोनच्या गजरापुढे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मग प्रत्येक जण जोर करतो, स्वर चढतो किंवा फाटतो. अनुभवी संचालक अशा वेळी गायकांना मोठ्याने गाण्यास न सांगता वादकांना दबविण्यास सांगतो. रिखार्ट व्हाग्नर (१८१३–८३) याने १८४६ मध्ये ड्रेझ्डेन येथे ही सिंफनी सादर केली, तेव्हा नगरातील निरनिराळ्या संस्थांतून व शाळांतून सुमारे ३०० गायक जमविले होते. चेलो व डबल बास यांच्या एका वक्तृत्वसदृश भागासाठी आपण बारा स्वतंत्र तालमी घेतल्याचे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. व्हिएन्नातील दोन तालमींशी याची तुलना केली, म्हणजे पहिल्या प्रयोगात काय प्रतीचे वादन झाले असेल, याची कल्पना येते. लंडनमध्ये ही सिंफनी १८२५ मध्ये झाली ती तर अखेरचा खंड इटालियन भाषांतरात गाऊन.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील औद्योगिक नगरांतून हौशी गायनवृंद झपाट्याने वाढले. यॉर्कशरमधील हडर्सफील्ड कोरल सोसायटी १८३६ मध्ये स्थापन झाली व ती आजही कार्यरत आहे. या वाढीला दोन गोष्टींनी हातभार लावला : नोव्हेलो या प्रकाशनसंस्थेने काढलेल्या स्वरलेखनाच्या स्वस्त प्रती आणि जॉन कर्वेन (१८१६–८०) याने प्रसृत केलेली टॉनिक सोल-फा पद्धती. हिच्यात पाच रेषांच्या लेखनाऐवजी स्वरनामांची आद्याक्षरे वापरतात आणि आधारस्वर हवा तेथे मानता येतो. आपल्या सरगमेतही षड्ज असाच चल असतो. त्यामुळे भारतीय विद्यार्थ्याला ही पद्धती पाच रेषांच्या लेखनापेक्षा सोपी वाटते. मिशनऱ्यांबरोबर ती आफ्रिकेत व आशियात पोहोचली. याच इंग्लिश परंपरेतून राल्फ व्हॉन विल्यम्स (१८७२–१९५८) याची ‘सी सिंफनी’ निर्माण झाली. वॉल्ट व्हिटमनच्या काव्यावर आधारलेली ही कृती १९१० मध्ये लीड्स महोत्सवात तेथील हौशी गायनवृंदाने प्रथम सादर केली. हिच्यात गायनवृंद पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत गातो. बेथोव्हनप्रमाणे वाट पाहत बसत नाही. अखेरच्या खंडाचे शब्द व्हिटमनच्या ‘पॅसेज टू इंडिया’ या कवितेतले आहेत.

बेथोव्हननंतरच्या इतर प्रमुख कृतींत एक्तॉर बर्लियोझची ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ (१८३९), मेंडेल्सझोनने मुद्रणकलेच्या चतुःशताब्दीनिमित्त लाइपसिकसाठी रचलेले ‘स्तुतिगीत’ (१८४०), फ्रांट्स लिस्टच्या ‘फाउस्ट’ व ‘दान्ते’ या सिंफनी (दोन्ही १८५७), ईगॉर स्ट्रॅव्हिन्स्कीची ‘सिंफनी ऑफ साम्स’ (१९३०) व डमीट्री शॉस्टकोव्हिचची तेरावी सिंफनी (१९६२) यांचा उल्लेख करावा लागेल. आकाराने सर्वांवर मात केली ती गुस्टाव्ह मालर (१८६०–१९११) याच्या आठव्या सिंफनीने. १२ सप्टेंबर १९१० रोजी म्यूनिक येथे झालेल्या तिच्या पहिल्या प्रयोगात सुमारे ८५० गायक व १७१ वादक होते. व्हिएन्ना व लाइपसिक येथील नागरी गायनसंस्थांनी आपापल्या गावी तालमी केल्या, म्यूनिकमधील ३५० मुलांनी बालवृंद उभा केला आणि अखेरीस सारे एकत्र आले. ‘सहस्रांची सिंफनी’ हे नाव मालरने नव्हे, तर कार्यक्रमाच्या व्यवस्थापकाने जाहिरातीसाठी दिले होते.

नवव्या सिंफनीचा आशियातील पहिला ज्ञात संपूर्ण प्रयोग युद्धकैद्यांनी केला, ही घटना लक्षणीय आहे. पहिल्या महायुद्धात जपानने चीनमधील त्सिंगताव हा जर्मन तळ जिंकून तेथील सैनिक बंदिवासात ठेवले. शिकोकू बेटावरील बांदो येथील छावणीत १ जून १९१८ रोजी कैद्यांच्या वाद्यवृंदाने व सुमारे ८० जणांच्या गायनवृंदाने हेर्मान हान्सेन याच्या संचालनाखाली ही सिंफनी सादर केली. स्त्रिया नसल्याने सोप्रानो व आल्टोच्या ओळी पुरुषांच्या आवाजासाठी बसवून घ्याव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये डिसेंबर महिन्यात ही कृती गाण्याचा प्रघात पडला आणि ती ‘दाइकू’, म्हणजे ‘नववी’, एवढ्याच नावाने घरोघर ओळखली जाऊ लागली. हौशी गायकाचे नातलग तिकिटे घेतात व वाद्यवृंदाची वर्षाखेरीची मिळकत होते, हे या प्रघातामागील व्यावहारिक कारण जपानी अभ्यासक मोकळेपणाने सांगतात. ओसाका येथे १९८३ पासून दहा हजार गायकांचा प्रयोग भरविण्यात येऊ लागला. जर्मन न येणारे गायक शब्दांचे उच्चार जपानी लिपीत लिहून पाठ करतात.

साधनांच्या अभावी काय करता येते, याचे उदाहरण काँगोच्या किन्शासा नगरीत मिळते. आर्मां दियांगियेंदा या पूर्वाश्रमीच्या वैमानिकाने १९९४ मध्ये तेथे किंबांगू पंथाच्या अनुयायांतून एक वाद्यवृंद उभा केला. प्रारंभी मोजक्या व्हायोलिनी अनेकांनी आळीपाळीने वाजवावयाच्या असत; तुटलेल्या तारेच्या जागी सायकलच्या ब्रेकची तार लावली जाई. काही वाद्ये सदस्यांनी स्वतः तयार केली. या वाद्यवृंदाने व त्याच्या गायनवृंदाने नवव्या सिंफनीची केलेली तयारी ‘किन्शासा सिंफनी’ (२०१०) या जर्मन अनुबोधपटात दिसते. वीज खंडित झाली, तरी काळोखात वादन चालूच राहते. सदस्यांत सुतार, विक्रेते, शिलाईकाम करणाऱ्या स्त्रिया आहेत. संगीतावर पोट भरणारे जवळजवळ नाहीत.

ही कृती विश्वबंधुत्वाची म्हणून गौरविली जाते. परंतु तिचा वापर करणाऱ्या सर्वांचे हेतू तसेच होते, असे नाही. हिटलरच्या वाढदिवसानिमित्त ती एप्रिल १९४२ मध्ये बर्लिनमध्ये वाजविली गेली. ऱ्होडेशियाच्या वर्णद्वेषी राजवटीने १९७४ मध्ये तिच्यातील धून राष्ट्रगीतासाठी घेतली. तीच धून १९७२ मध्ये युरोपीय परिषदेने व १९८५ मध्ये युरोपीय समुदायाने आपले गीत म्हणून स्वीकारली. बर्लिनची भिंत कोसळल्यावर डिसेंबर १९८९ मध्ये लेनर्ड बर्न्स्टाइनने तिच्यातील ‘आनंद’ या शब्दाऐवजी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द गाऊन घेतला. धून सोपी असल्याने ती कोणाच्याही तोंडी बसते, हे जसे तिचे सामर्थ्य तसेच तिचे वैगुण्यही म्हणावे लागेल.

भारत : पश्चिम किनाऱ्यावर या संगीताची पूर्वतयारी गोव्यात झाली होती. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे, गाणे व व्हायोलिन वाजविणे शिकविले जाई. रायतूर येथील सेमिनरीतही संगीतशिक्षणाची दीर्घ परंपरा आहे. याचा परिणाम चर्चपुरता मर्यादित राहिला नाही. कोकणी मांडो हा गीतप्रकार दोन समांतर आवाजांत गाइला जातो, त्याला व्हायोलिनबरोबर घुमट या देशी वाद्याची साथ असते. आंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये गोव्यात संगीत अकादमी स्थापन केली व वाद्यवृंदही चालविला. गोवा मुक्तीनंतर कला अकादमीच्या पाश्चात्य संगीत विभागाच्या द्वारे फादर लुर्दिनो बार्रेतो यांनी गायनवृंदाचे कार्य पुढे नेले. स्वरलेखन जाणणारे गोमंतकीय वादक एकोणिसाव्या शतकापासूनच मुंबईत येत होते. पोलीस बँड, मूकपटगृहे, हॉटेले व पुढे चित्रपटांची ध्वनिमुद्रणगृहे ही त्यांची कार्यक्षेत्रे बनली.

मुंबईत मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पारशी व युरोपीय हौशी वादक, गोमंतकीय व्यावसायिक आणि लष्करी वा नौदलाच्या बँडमधून उसने घेतलेले पितळी वाद्यांचे वादक अशी त्याची संमिश्र घडण होती. स्वातंत्र्यानंतर युरोपीय वादक व श्रोते दोन्ही ओसरले. १९५५ मध्ये मेहली मेहता मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात गेले. त्यांचे पुत्र झुबीन मेहता (जन्म १९३६) यांनी जगभर नववी सिंफनी संचालित केली. जपानमधील त्सुनामीनंतर महिन्याभरात, १० एप्रिल २०११ रोजी, त्यांनी टोकिओत तिचा साहाय्यार्थ प्रयोग केला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्राने हौशी वादनाची परंपरा मुंबईत चालू ठेवली. गायनाच्या बाजूने व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ च्या सुमारास स्थापन केलेला गायनवृंद महत्त्वाचा होय. १९६७ मध्ये त्यांच्या निधनानंतर कुमी वाडिया यांनी त्याचे संचालन अनेक दशके केले आणि युरोपीय रचनांबरोबर भारतीय लोकगीतांच्या स्वरसंहतियुक्त मांडणीही वृंदाच्या संग्रहात आणल्या. सलील चौधरी यांनी १९५८ मध्ये काढलेल्या बॉम्बे यूथ कॉयरनेही लोकधुनांना बहुस्वरी रूप देण्याचा प्रयोग केला.

त्याच वर्षी, १९५८ मध्ये, अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी सेंट झेवियर महाविद्यालयाच्या चौकात आपल्या इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम केला. वृंदगान-सिंफनीच्या कल्पनेजवळ जाणारा, पण संपूर्णतः येथल्या मातीतला असा हा प्रयत्न असल्याने त्याची नोंद आवश्यक आहे. गोव्यातील माजोर्डे येथील गोन्साल्विस हे चित्रपटसृष्टीतील व्हायोलिनवादक व संगीतसंयोजक. प्यारेलाल व राहुलदेव बर्मन यांचे गुरू. सारंगसारखे राग पाच रेषांत लिहून ते शंभराहून अधिक वादकांकडून वाजवून घेण्याचे त्यांनी योजिले आणि एकलगायनासाठी लता मंगेशकर व मन्ना डे यांना पाचारण केले. एरवी चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणातच भेटणारे वादक येथे व्यासपीठावर आले. राग हा एकल स्वरावलीने उलगडत जातो, तर स्वरसंहतीला एका वेळी अनेक स्वर लागतात; या दोहोंची सांगड घालताना कोणत्या वर्ज्य स्वरांना वाट द्यावयाची, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. हा वाद्यवृंद आर्थिक पाठबळाअभावी टिकला नाही. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील नायकाचे नाव हे प्यारेलाल यांनी गुरूला केलेले वंदन होय. ते नाव देशभर सर्वांच्या ओठी झाले, पण ज्याचे ते नाव त्याची सिंफनी फारच थोड्यांनी ऐकली.

चित्रपटसंगीताने एक गोष्ट मात्र नकळत साधली. सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या गोमंतकीय संयोजकांनी गीतांच्या मागे व्हायोलिनांचे ताफे, प्रतिधुना व शब्दरहित समूहस्वर योजिले. त्यामुळे बहुस्वरी रचना मराठी श्रोत्याच्या कानाला, नावाने नसली तरी, परिचित झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी ध्वनिमुद्रणगृहांतील हे ताफे हटविले. वादकांचा चरितार्थ गेला आणि मुलांना व्हायोला, ओबो वा बसून शिकविण्याचे कारणही उरले नाही. हौशी वाद्यवृंदांना त्याची झळ लागली : व्हायोलिन वाजविणारे मिळतात, पण आतल्या स्वरांचा व्हायोला, दुहेरी पातीची लाकडी फुंकवाद्ये आणि हॉर्न यांसाठी बाहेरून माणसे आणावी लागतात. गायनवृंदातही अशीच विषमता असून सोप्रानो पुष्कळ आणि टेनर विरळा असतात.

राष्ट्रीय प्रयोगकला केंद्राने २००६ मध्ये खुशरू सुनटूक व कझाक व्हायोलिनवादक मारात बिसेनगालियेव्ह यांच्या पुढाकाराने सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद उभारला. प्रारंभी त्यातील बहुसंख्य वादक परदेशी होते, आणि याबद्दल टीकाही झाली. केंद्राने त्यानंतर लहान मुलांसाठी वाद्यशिक्षणाचे वर्ग सुरू केले. ऑगस्ट २०२३ मध्ये झुबीन मेहता यांनी या वाद्यवृंदाचे मुंबईत प्रथमच संचालन केले. गोव्यात लुईश दियश यांनी २००९ मध्ये स्थापन केलेली ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ ही संस्था वंचित मुलांना व्हायोलिन, व्हायोला, चेलो व समूहगायन विनामूल्य शिकविते. तंतुवाद्यांचा ताफा केवळ व्हायोलिनींनी उभा राहत नसल्याने, तेथे व्हायोला व चेलो यांच्या शिक्षणावर आवर्जून भर दिला जातो.